एनएसीएल : मिठाच्या सूत्राची जडणघडण

मिठाचे रासायनिक सूत्र एनएसीएल असे लिहितात. ‘एनए’ ही सोडियमची खूण, ‘सीएल’ ही क्लोरीनची. दोन्हींच्या पायाशी एकही आकडा नाही, म्हणजे प्रमाण एकास एक. शाळेत हे सूत्र रसायनशास्त्राच्या सुरुवातीलाच फळ्यावर येते आणि पाठ होऊन जाते. ही चार अक्षरे कागदावर उतरायला आणि त्यांचा अर्थ पक्का व्हायला मात्र १७८७ ते १९१९ असा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. या काळात मिठाचे सूत्र बरीच वर्षे चुकीचे लिहिले गेले, पुढे दुरुस्त झाले, आणि दुरुस्त झाल्यावरही ‘एकास एकच का’ या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते. ते उत्तर अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात दडलेले होते. तिथवर पोचण्यासाठी तराजू, बॅटरी, तापमापी आणि क्ष-किरण ही साधने एकामागून एक कामी आली.

नावातून न कळणारे क्षार

क्षार ओळखण्याची जुनी रीत रंग, चव आणि उपयोग यांवर चालत असे. मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर, सोरा, टाकणखार, सज्जीखार ही मराठी नावे त्या रीतीची साक्ष देतात. कल्हईवाला भट्टीवर तापलेल्या पितळेच्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, भांड्याचा काळपट थर निघतो आणि कापसाच्या बोळ्याने पुसताच कथील आतून चकाकत पसरते. नवसागर काय करतो हे त्याला नेमके माहीत असते. नवसागर कशाचा बनला आहे हे त्या नावातून कळत नाही. मोरचुदाच्या नावात मोराचा निळा रंग आहे, पण तांबे नाही. मोरचूद आणि हिराकस हे दोघे एकाच घराण्याचे, तांब्याचे आणि लोखंडाचे सल्फेट, असा सुगावाही त्यांच्या नावांतून लागत नाही.

युरोपातही तीच स्थिती होती. सोडियम सल्फेटला ग्लाउबर या रसायनज्ञाचे नाव होते, तर मॅग्नेशियम सल्फेटला इंग्लंडमधल्या एप्सम गावाचे. किमयागारांच्या खुणा वेगळ्याच: सोन्याला सूर्य, चांदीला चंद्र. १७८७ मध्ये पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ या चौघांनी रासायनिक नामकरणाची नवी पद्धत पुस्तकरूपाने मांडली. पदार्थाच्या नावातून त्याचे घटक कळले पाहिजेत, हे त्या पद्धतीचे मूळ सूत्र. ऑक्साइड, सल्फेट, सल्फाइट ही नावे तिथून रूढ झाली. एकाच धातूच्या किंवा अधातूच्या दोन अवस्था शेवटच्या अक्षरांनी वेगळ्या दाखवण्याची प्रथाही त्याच पद्धतीतून वाढली.

मिठाच्या बाबतीत ही पद्धत अडली, कारण त्याचे दोन्ही घटक तेव्हा अज्ञात होते. १७७४ मध्ये स्वीडनच्या शेले यांनी हिरवट पिवळा, गुदमरवणारा वायू मिळवला होता. पण तो ऑक्सिजनयुक्त संयुग आहे अशी समजूत होती. लव्हाझिए यांनी १७८९ मध्ये ३३ मूलद्रव्यांची यादी दिली, तीत सोडा (ज्यातून पुढे सोडियम निघाला) आणि पोटॅश यांना जागा दिली नाही. ते संयुगेच असणार असा त्यांचा अंदाज होता. तो अंदाज सिद्ध व्हायला आणखी १८ वर्षे लागली.

तराजूने काय सांगितले

सूत्राचा पहिला पाया वजनाने घातला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी स्पेनमध्ये काम करताना अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले, की तांब्याचे कार्बोनेट खाणीतून काढलेले असो वा प्रयोगशाळेत बनवलेले, त्यातील घटकांचे वजनी प्रमाण तेच असते. बेर्तोले यांना हे मान्य नव्हते. प्रमाण परिस्थितीनुसार बदलते, असे त्यांचे म्हणणे. दोघांचा वाद काही वर्षे चालला आणि प्रूस्त यांची बाजू खरी ठरली. मिठालाही हाच नियम लागू आहे. समुद्राचे असो, खाणीतले सैंधव असो वा सोडियम आणि क्लोरीन यांच्या संयोगातून बनवलेले असो, १०० ग्रॅम शुद्ध मिठात ३९.३ ग्रॅम सोडियम आणि ६०.७ ग्रॅम क्लोरीन असते.

प्रमाण स्थिर का असते, याचे उत्तर मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांनी १८०८ च्या ग्रंथात दिले. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक वजनाचे असतात आणि ते पूर्ण संख्येतच एकत्र येतात. अर्धा अणू संयोगात भाग घेऊ शकत नाही, म्हणून प्रमाणही मधले असू शकत नाही. डाल्टन यांनी अणूंसाठी वर्तुळे काढली: ऑक्सिजनचे कोरे वर्तुळ, हायड्रोजनच्या वर्तुळात मध्यभागी ठिपका, धातूंच्या वर्तुळात अक्षर. किती अणू एकत्र येतात हे ठरवायला त्यांच्यापाशी मापन नव्हते, म्हणून त्यांनी साधेपणाचा नियम धरला: दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक समजायचे. या नियमाने पाणी ‘एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन’ ठरले आणि ऑक्सिजनचा अणुभार निम्मा निघाला. पुढच्या अर्धशतकातला सूत्रांचा गोंधळ याच अडचणीतून आला. तराजू वजनाचे प्रमाण सांगतो, अणूंची संख्या सांगत नाही.

बॅटरी आणि अक्षरे

१८०० मध्ये व्होल्टा यांची विद्युत रास, म्हणजेच पहिली बॅटरी, जगापुढे आली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ६ ऑक्टोबर १८०७ रोजी किंचित ओलसर पोटॅशच्या तुकड्यातून मोठ्या बॅटरीचा प्रवाह सोडला. तुकडा दोन्ही टोकांना वितळू लागला आणि ऋण टोकाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब उमटले. त्यांतले काही तडतडून पेटले, काहींवर पांढरी साय धरली. तो पोटॅशियम धातू होता. डेव्ही त्या वेळी आनंदाने खोलीभर नाचले, अशी आठवण त्यांचे साहाय्यक आणि चुलतभाऊ एडमंड डेव्ही यांनी सांगितली आहे. काही दिवसांतच त्यांनी सोड्यातून सोडियम काढला, आणि पुढच्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम, स्ट्राँशियम वेगळे केले. १८१० मध्ये शेले यांचा हिरवट वायू हे मूलद्रव्यच असल्याचे त्यांनी मांडले आणि रंगावरून त्याला क्लोरीन हे नाव दिले. मिठाचे दोन्ही घटक आता हाती आले.

त्यांना खुणा मिळाल्या स्टॉकहोममध्ये. यॉन्स याकोब बर्झेलियस यांनी १८१३-१४ मध्ये सुचवले, की खुणा म्हणजे अक्षरेच असावीत. ती लिहायला सोपी आणि कोणत्याही छापखान्यात उपलब्ध असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे पहिले अक्षर घ्यायचे, गल्लत होत असेल तर आणखी एक जोडायचे. सोडियमचे लॅटिन नाव नॅट्रियम, म्हणून खूण ‘एनए’. पोटॅशियमचे कॅलियम, म्हणून ‘के’. लोखंडाचे फेरम, म्हणून ‘एफई’. अणूंची संख्या बर्झेलियस अक्षराच्या माथ्यावर लिहीत. १८३४ च्या सुमारास जर्मनीत लीबिग यांनी ती पायाशी आणली आणि तीच रीत जगभर टिकली.

बर्झेलियस यांच्या पद्धतीमागे एक ठाम कल्पनाही होती. बॅटरीच्या एका टोकाकडे धातू जातात आणि दुसऱ्याकडे अधातू, याचा अर्थ प्रत्येक संयुगात एक धन भाग आणि एक ऋण भाग विजेच्या ओढीने जोडलेले असतात. सगळ्या संयुगांना ही कल्पना लागू पडली नाही आणि सेंद्रिय रसायनात ती मोडली. मिठासारख्या क्षारांबाबत मात्र शंभर वर्षांनी ती जवळजवळ तशीच खरी ठरली. सूत्रात धन घटक आधी लिहायचा आणि ऋण घटक नंतर, ही आजची रूढी त्याच विचाराशी जुळणारी आहे.

मिठाचे चुकलेले सूत्र

बर्झेलियस यांच्या १८२६ च्या तक्त्यात सोडियमचा अणुभार ४६ च्या पुढे आहे, म्हणजे आजच्या २३ च्या दुप्पट. क्लोरीनचा आकडा मात्र आजच्याइतकाच, साधारण ३५.५. तीव्र अल्कांत धातूचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, अशी त्यांची धारणा होती. चुन्याप्रमाणेच सोड्यालाही त्यांनी तेच सूत्र दिले. त्याचा परिणाम मिठावर झाला. ४६ भाग सोडियमला ७१ भाग क्लोरीन लागतो, आणि ७१ म्हणजे ३५.५ ची दुप्पट. म्हणून या हिशेबाने मीठ ‘एक सोडियम, दोन क्लोरीन’ झाले, एनएसीएल२.

तराजूला या चुकीचा पत्ता लागणे शक्य नव्हते. ४६ ला ७१ आणि २३ ला ३५.५ हे एकच प्रमाण आहे. दुरुस्ती झाली ती उष्णतेच्या मापनाने. १८१९ मध्ये द्युलाँ आणि पेती यांनी एक नियम शोधला होता: घनरूप मूलद्रव्याचा विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि त्याचा अणुभार यांचा गुणाकार बहुतेकदा ६ च्या जवळपास येतो. सोडियमचा विशिष्ट उष्मा ०.२९ आहे. त्याला ४६ ने गुणले तर १३ हून अधिक येतात, २३ ने गुणले तर ६.७. चांदीचेही तसेच, २१६ धरले तर गुणाकार १२ वर जातो, १०८ धरले तर ६ येतो. १८४० च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्यो यांनी अनेक मूलद्रव्यांचे विशिष्ट उष्मे काटेकोरपणे मोजले आणि चांदी व अल्क धातूंचे अणुभार निम्मे केले पाहिजेत, हे स्पष्ट होऊ लागले.

तरीही रसायनशास्त्रज्ञांचे एकमत नव्हते. कोणी अणुभार वापरत, कोणी ‘तुल्यभार’, म्हणजे नुसते संयोगातले वजनी प्रमाण. एकाच पदार्थाची सूत्रे पुस्तकागणिक बदलत. हा गुंता सोडवण्यासाठी ३ सप्टेंबर १८६० पासून तीन दिवस जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे परिषद भरली. जेनोव्हा येथे शिकवणारे स्तानिस्लाओ कानिझारो यांनी तिथे आपली बाजू मांडली. वायूंच्या घनतेवरून आणि विशिष्ट उष्म्यावरून अणुभार कसे निश्चित करायचे, हे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी १८५८ मध्ये एका टिपणात लिहिले होते. परिषदेत ठराव झाला नाही, पण निघताना त्या टिपणाच्या प्रती सदस्यांच्या हाती पडल्या. लोथार मेयर यांच्यासारखे अनेक जण ते वाचून निःशंक झाले. पुढच्या दशकभरात नवे अणुभार रूढ झाले. पाणी एच२ओ झाले, सोडियमचा ऑक्साइड एनए२ओ झाला आणि मीठ एनएसीएल. एका शिक्षकाने वर्गासाठी केलेल्या नेटक्या मांडणीने रसायनशास्त्राची हिशेबवही दुरुस्त केली.

आयन : जाणारे कण

दरम्यान विजेच्या बाजूने दुसरा धागा पुढे जात होता. मायकेल फॅरडे यांनी १८३२ ते १८३४ या काळात विद्युत अपघटनाचे नियम शोधले. वीज जेवढी वाहते तेवढ्या प्रमाणात पदार्थ सुटा होतो. आणि तेवढीच वीज वेगवेगळ्या द्रावणांतून सोडली तर सुट्या होणाऱ्या पदार्थांची वजने ठरावीक प्रमाणात असतात. आजच्या आकड्यांत सांगायचे, तर ९६,४८५ कूलोम विजेने १०७.९ ग्रॅम चांदी, ३१.८ ग्रॅम तांबे किंवा ९ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम जमा होते. चांदीचा आकडा तिच्या अणुभाराएवढा आहे, तांब्याचा अणुभाराच्या निम्मा, अ‍ॅल्युमिनियमचा एक तृतीयांश. एक, दोन, तीन या संख्या इथे आपोआप पुढे येतात. चांदीच्या एका कणावर विजेचा एक एकक प्रभार, तांब्याच्या कणावर दोन, अ‍ॅल्युमिनियमच्या कणावर तीन. फॅरडे स्वतः अणूंबद्दल साशंक होते, म्हणून त्यांनी हा निष्कर्ष काढला नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी तो १८८१ मध्ये लंडनच्या व्याख्यानात काढला: पदार्थ अणूंचा असेल, तर वीजही अणुरूपच असली पाहिजे.

द्रावणातून टोकांकडे जाणाऱ्या कणांना नाव हवे होते. केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून फॅरडे यांनी १८३४ मध्ये ‘आयन’ हा शब्द स्वीकारला. ‘जाणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाचे ते रूप आहे. संस्कृतातील ‘इ’ हा जाणे या अर्थाचा धातू त्याच भाषाकुळातला सगोत्र आहे. त्यावरून ‘अयन’ हा शब्द झाला आणि तो उत्तरायण व दक्षिणायन यांत मराठीत रोज वापरात आहे. उसना शब्द इतका घरचा वाटावा, असे क्वचितच घडते.

विजेचा प्रवाह सोडल्यावर आयन निर्माण होतात, असा फॅरडे यांचा समज होता. मीठ पाण्यात विरघळताक्षणीच ते आयनांत विलग होते, हे स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी सांगितले. १८८४ मध्ये अप्साला विद्यापीठात त्यांच्या प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली. त्याच कामासाठी १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या बाजूचा मोठा पुरावा तापमापीने दिला. पाण्यात साखर विरघळली की गोठणबिंदू कणांच्या संख्येच्या प्रमाणात खाली येतो. तेवढ्याच रेणूंइतके मीठ विरघळवले तर तो जवळजवळ दुप्पट उतरतो, आणि विरल द्रावणात कॅल्शियम क्लोराइडने जवळजवळ तिप्पट. मिठाचे दोन कण होतात आणि कॅल्शियम क्लोराइडचे तीन. सूत्रातल्या अणूंची मोजणी अशी थंडीच्या मापाने पडताळून मिळाली.

कोकणातल्या मिठागरात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ‘मीठ’ म्हणून वेगळा कण त्यात नसतो. क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, सोडियम ११ ग्रॅमच्या आत, शिवाय सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम, असे सगळे आयन सुटे फिरत असतात. उरण-पेणच्या खाडीकाठी भरतीचे पाणी आत घेतात आणि उथळ वाफ्यांतून पुढे सरकवत उन्हात आटवतात. पाणी बरेच आटले की आधी कॅल्शियम आणि सल्फेट यांची जोडी तळाशी बसते. मूळ आकारमानाच्या सुमारे दहाव्या भागावर पाणी आले, की सोडियम आणि क्लोराइड यांचे चौकोनी स्फटिक धरू लागतात. शेवटी उरते ते कडू पाणी. त्यात मॅग्नेशियम असते आणि ते काढून टाकावे लागते. त्याचा अंश राहिलेल्या खड्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते, कारण मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते. आगरात पिढ्यान् पिढ्या काम केलेल्या माणसांनी आयनांची ही निवड हाताने आणि डोळ्यांनी साधली, आणि आगरी हे समाजनाम त्या आगरांशीच जोडलेले आहे.

संयुजेचा शोध

सोडियम एकाच क्लोरीनशी का बांधला जातो आणि कॅल्शियम दोघांशी का, हा प्रश्न तरीही उरला. १८५२ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड फ्रँकलंड यांनी नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक आणि अँटिमनी यांच्या संयुगांची तुलना करून दाखवले, की ही मूलद्रव्ये दुसऱ्या मूलद्रव्यांचे तीन किंवा पाच अणू जोडून घेतात, समोर कोणतेही मूलद्रव्य असो. प्रत्येक अणूची जोडून घेण्याची क्षमता ठरलेली असते. या क्षमतेला मराठीत संयुजा म्हणतात. ‘युज्’ म्हणजे जोडणे हा संस्कृत धातू त्यात आहे आणि अर्थ शब्दातच उघड आहे.

कार्ल्सरूहेच्या परिषदेला हजर असलेल्या २६ वर्षांच्या दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडली आणि संयुजेची आवर्तने दिसू लागली. १८७१ च्या तक्त्यात त्यांनी प्रत्येक गटाच्या माथ्यावर त्याच्या ऑक्साइडचे सूत्र लिहिले: पहिल्या गटात धातू दोन, ऑक्सिजन एक, दुसऱ्यात एकास एक, तिसऱ्यात दोनास तीन. न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी त्यांनी जागा सोडल्या आणि त्यांच्या संयुगांची सूत्रेही सांगितली. १८७५ मध्ये गॅलियम सापडले. त्याचा ऑक्साइड भाकिताप्रमाणे दोनास तीन निघाला. पदार्थ हाती येण्याआधी त्याचे सूत्र लिहिता येणे, हे रसायनशास्त्राच्या इतिहासातले मोठे पाऊल होते.

१८९४ ते १८९८ या काळात रॅले, रॅम्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरगॉन, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन हे वायू हवेतून वेगळे केले. ते कशाशीच संयोग पावत नव्हते. त्यांची संयुजा शून्य. तक्त्यात त्यांचा वेगळा स्तंभ झाला, एका बाजूला क्लोरीनचा गट आणि दुसऱ्या बाजूला सोडियमचा. १९०४ मध्ये जर्मनीचे रिचर्ड आबेग यांनी लक्षात आणून दिले, की मूलद्रव्याच्या कमाल धन आणि ऋण संयुजांची बेरीज बहुधा आठ होते. आठ या आकड्याचे कारण सांगण्याआधीच, १९१० मध्ये बलूनच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला; मोझली यांच्या १९१३ च्या क्ष-किरण मापनांनी अणुक्रमांकाला अर्थ आला: अणूत जितके इलेक्ट्रॉन, तितका त्याचा अणुक्रमांक. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या अणूत १७. १९१६ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे उत्तर मांडले: म्युनिकमध्ये वाल्टर कोसेल आणि बर्कलीमध्ये गिल्बर्ट न्यूटन लुईस. लुईस यांनी १९०२ मध्येच हार्वर्डला शिकवताना अणू म्हणजे घन आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन, अशी चित्रे काढली होती. हीच चित्रे पुढे मूलद्रव्याच्या खुणेभोवती ठिपके काढण्याच्या रीतीत उतरली. १९१९ मध्ये लँगम्यूर यांनी आठाच्या या संचाला अष्टक हे नाव दिले.

सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे कवचांत बसतात. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन हा त्याचा संयुजा इलेक्ट्रॉन. तो गेला की उरलेले दहा २, ८ अशा रचनेत राहतात. तीच रचना निऑनची. अणुकेंद्रात ११ धन प्रभार आणि भोवती १० इलेक्ट्रॉन, म्हणून आयनावर एक धन प्रभार. क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे आहेत. एक इलेक्ट्रॉन घेतला की २, ८, ८ ही आरगॉनची रचना होते आणि एक ऋण प्रभार येतो. एकाने एक द्यायचा, दुसऱ्याने एक घ्यायचा. एकास एक या प्रमाणाचे कारण १९१६ मध्ये असे सापडले.

मॅग्नेशियमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, अ‍ॅल्युमिनियमच्या तीन. त्यांचे आयन दोन आणि तीन धन प्रभारांचे. ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात, नायट्रोजनला तीन. त्यांचे आयन दोन आणि तीन ऋण प्रभारांचे. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, दुसरा काढायला ४७.३. हा दुसरा आतल्या भरलेल्या कवचातला असतो, म्हणून सोडियमचा आयन एकावर थांबतो. मॅग्नेशियमसाठी आकडे ७.६, १५.० आणि मग एकदम ८०.१ असे आहेत. तो दोनावर थांबतो. कवच कुठे संपते ते या उडीवरून स्पष्ट दिसते.

स्फटिकात रेणू नाही

१९१३ मध्ये लॉरेन्स ब्रॅग यांनी मिठाच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठवून त्याची रचना उलगडली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, सगळीकडे सारखेच अंतर, सुमारे ०.२८ नॅनोमीटर. कोणता सोडियम कोणत्या क्लोरीनचा, हे सांगता येत नाही. मिठाचा रेणू स्फटिकात नसतोच. दोन वर्षांनी, वयाच्या २५ व्या वर्षी, लॉरेन्स यांना वडील विल्यम ब्रॅग यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या पिढीला ही रचना पचायला जड गेली; रेणूशिवाय संयुग ही कल्पना नाकारणारे खरमरीत पत्र ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १९२७ मध्येही छापून आणले होते.

यामुळे सूत्राचा अर्थ बदलला. एनएसीएल म्हणजे दोन अणूंची जोडी, असे पूर्वी समजत; आता ते संपूर्ण स्फटिकातल्या आयनांचे सर्वांत लहान पूर्णांकी प्रमाण ठरले. ‘सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो’ ही सोपी समजूतही १९१९ च्या सुमारास बॉर्न आणि हाबर यांच्या ऊर्जेच्या हिशेबाने दुरुस्त झाली. एक मोल सोडियमच्या वायुरूप अणूंपासून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनने ते घेतल्यावर ३४९ परत मिळतात. इथवर व्यवहार तोट्याचाच आहे. घन सोडियमचे अणू सुटे करायला आणखी १०७ आणि क्लोरीनचा रेणू फोडायला १२१ लागतात. विरुद्ध प्रभारांचे आयन स्फटिकात एकत्र आले की मात्र ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात आणि सगळा खर्च फिटून ४११ च्या आसपास उरतात. मीठ टिकाऊ आहे ते या शेजाऱ्यांच्या ओढीमुळे.

सूत्र लिहिण्याची आजची रीत

आजची रीत या सर्व टप्प्यांतून आलेली आहे. आधी धन आयन, मग ऋण आयन. दोघांचे प्रभार मांडायचे. एकाचा आकडा तिरकस नेऊन दुसऱ्याच्या पायाशी लिहायचा. आणि शेवटी भाग जात असेल तर भागायचे. कॅल्शियमचे दोन धन, क्लोराइडचा एक ऋण, म्हणून सीएसीएल२. अ‍ॅल्युमिनियमचे तीन, ऑक्साइडचे दोन. दोन अ‍ॅल्युमिनियमचे सहा धन आणि तीन ऑक्साइडचे सहा ऋण, म्हणून एएल२ओ३. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोनास दोन येतात. भागल्यावर एकास एक, एमजीओ. ही शेवटची पायरी विसरू नये, कारण आयनिक सूत्र हे प्रमाण असते. अमोनियम किंवा सल्फेट यांसारखा अणूंचा गट एकच आयन म्हणून वागतो, म्हणून आकडा लागला तर गट कंसात ठेवतात. नवसागरात अमोनियमचा एक धन आणि क्लोराइडचा एक ऋण प्रभार असल्याने तिथेही एकास एक प्रमाण आहे.

लोखंड आणि तांबे यांच्यासारख्या धातूंचे आयन एकाहून अधिक प्रकारचे असतात. हिराकशीत लोखंडावर दोन प्रभार आहेत, गेरूला लाल रंग देणाऱ्या ऑक्साइडमध्ये तीन. पूर्वी हा भेद नावाच्या शेवटच्या अक्षरांनी, फेरस आणि फेरिक असा दाखवत. १९१९ मध्ये आल्फ्रेड श्टॉक यांनी प्रभाराचा आकडाच रोमन अंकात नावात लिहावा असे सुचवले आणि ती पद्धत आज पाठ्यपुस्तकांत आहे. मराठी पुस्तकांत संयुजा, संयुग, मूलद्रव्य हे शब्द मराठी आहेत. मूलद्रव्यांच्या खुणा मात्र जगभर एकच असल्याने रोमन अक्षरांतच ठेवल्या आहेत. एक हा आकडा पायाशी लिहीत नाहीत. म्हणून मिठाच्या सूत्रात एकही आकडा दिसत नाही, आणि त्या मोकळ्या जागेचा अर्थ सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला, हा आहे.